जमिनीपासून एक वीत

घर बांधण्यापेक्षा न बांधण्यात ज्याचा अधिक वेळ गेला असा आर्किटेक्ट साऱ्या जगात एकच असावा, आणि तो हुबळीच्या विद्यानगरात आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे माडीवर. खाली आम्ही भाडेकरू, वर ते. साहेब मूळचे इंग्लंडचे. लंडनमध्ये त्यांनी काचेची मोठमोठी ऑफिसं उभी केली होती, बक्षिसं मिळवली होती. मग एका वर्षासाठी म्हणून इथल्या कॉलेजात शिकवायला आले आणि नव्वदच्या दशकातली चांगली पाच वर्षं मुक्काम ठोकून राहिले. काचेच्या इमारतींबद्दल विचारलं की लाजल्यासारखे हसत आणि इथं उचललेल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत, "छलो, छान आहेत. पण आत माणसं कशी बसतात, ते मी बघितलंच नाही नोड्री."

माणसांचं बसणं हाच त्यांचा ध्यास. कमरीपेठेतून आणलेली शिंप्याची टेप कायम गळ्यात. घरी आलेला माणूस खाली टेकला रे टेकला, की साहेब जमिनीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहीत. पोस्टमन, दूधवाला, माझ्या मुंजीला आलेले भटजी, कुणी सुटलं नाही. आई तांदूळ निवडायला बसली तेव्हा तिचंही माप घेतलं. "साहेब, आम्हाला घर बांधायचंय, झंपर शिवायचा नाही," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात भूगोलाचे मास्तर. धारवाडच्या टोकाला त्यांनी प्लॉट घेतला होता आणि घराचा नकाशा काढून द्यायचं साहेबांनी आपण होऊन कबूल केलं होतं.

कबूल केलं खरं, पण काढतात कुठले! वर्षभर दर रविवारी बसने धारवाडला जायचे, प्लॉटवर चटई अंथरायचे आणि दिवस मावळेपर्यंत नुसते बसून राहायचे. सावली सरकेल तशा दगडांवर खडूने खुणा करायचे. मीही कधी कधी बरोबर जायचो. दुपार अशी लांबत जायची, की गवत हललं तरी काहीतरी घडल्यासारखं वाटायचं. समोरच्या रस्त्याने अळणावरकडच्या बैलगाड्या जात. गाडीवाल्यांना वाटलं, कुणी गोरे स्वामी तपाला बसलेत. एका म्हातारीने तर उतरून नारळ आणि केळी ठेवली, हात जोडले. साहेबांनी तिला चटईवर बसवून तिच्या डोळ्यांचं माप घेतलं आणि मग आम्ही तिघांनी मिळून केळी खाल्ली.

शेवटी एकदाचा नकाशा आला. त्यात स्वयंपाकघराची खिडकी जमिनीपासून फक्त एक वीत वर! बसप्पा गवंड्याने नकाशा दोनदा उलटा-सुलटा केला आणि एवढ्या मोठ्या माणसाची चूक चारचौघांत कशाला काढा, म्हणून गुपचूप ती खिडकी तीन फूट वर घेतली. आपल्याकडे मोठ्यांची चूक अशीच सांभाळून घेतात.

रविवारी साहेब आले, त्या खिडकीसमोर मांडी घालून बसले आणि समोरच्या विटांकडे बघत राहिले. बसप्पा घाबरला. "साहेब, सिट्टु आला काय जी? रागावलात?"

साहेबांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "काय दिसतंय?"

"भिंत दिसतेय की."

"अक्कांना रोज हेच दाखवायचं?"

अक्का म्हणजे माझी आई. अप्पांचा पारा चढला. "अहो, लोक हसतील! मांजरं येतील! उद्या टेबल-खुर्च्या आल्या की खाली कोण बसणार?"

साहेब आईकडे वळले. "अक्का, तुम्ही सांगा."

घराबद्दल आईला कुणी काही विचारायची ती पहिलीच वेळ. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, नेहमीसारखं 'तुम्ही ठरवाल ते' म्हणणार. पण ती म्हणाली, "खालीच असू दे. लग्न झाल्यापासून तांदूळ निवडताना भिंतच बघत आलेय." बसप्पाने पहार उचलली.

लोक हसले. मांजरंही आली. पण आई दुपारभर त्या खिडकीशी बसे, पायांवर ऊन, समोर रस्ता, मांडीवर सूप तसंच. तांदूळ निवडायला तिला दुप्पट वेळ लागू लागला. साहेब मात्र पुढच्याच वर्षी विलायतेला परतले.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या कामावरचं जाडजूड पुस्तक टपालाने आलं. पानोपान काचेच्या इमारती आणि अगदी शेवटच्या पानावर आमची खिडकी, पाठमोरी आई, सूप. आत चिठ्ठी होती: "अक्का अजून तिथं बसतात ना?"

तोवर आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. ती खुर्चीवर बसे आणि खुर्चीवरून त्या खिडकीतून अंगणातल्या दोन फरश्या तेवढ्या दिसत. साहेबांनी सगळ्यांची मापं घेतली, म्हातारपणाचं राहून गेलं. म्हणून रोज संध्याकाळी अप्पाच भिंतीला धरून खाली बसत आणि भूगोलाच्या तासाच्या आवाजात सांगत, "पश्चिमेकडून एक गाडी. कडबा भरलाय. डावा बैल पांढरा." आई डोळे मिटून ऐके.

उत्तराचा कागद घेऊन अप्पा तिथंच बसले. कितीतरी वेळाने एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली, "हो, रोज बसते."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "झालं ना लिहून? मग बाहेर बघा की. काय दिसतंय?"