बादली वाजवली की

घड्याळमामा हे नाव त्यांना तळ्यांवरच्या कामगारांनी ठेवलं होतं. माशांना खाद्य घालायच्या सकाळी आठ आणि दुपारी चार या दोन वेळा त्यांनी बावीस वर्षांत कधी चुकवल्या नव्हत्या. आठच्या ठोक्याला चपला फटफटवत ते बांधावर यायचे, पत्र्याच्या बादलीवर तीनदा टकटक करायचे आणि तिलापिया मासे पाणी ढवळून काढत काठाशी गोळा व्हायचे. मग मूठमूठ दाणे. मासे पंधरा मिनिटांत संपवतील तेवढंच घालायचं, हे मी कॉलेजात पाठ केलं. मामांच्या हाताला ते आधीपासून माहीत होतं.

मी माशांची डॉक्टर. हे ऐकून लोक हसतात, हसू देत. महिन्यातून दोनदा मी तिथे जाते, पाणी तपासते, दोन-चार माशांचे कल्ले बघते, चहा पिते आणि निघते. मामी होत्या तोवर चहा त्या करायच्या. यांना बायकोच्या आधी माशांची भूक कळते, असं मामांच्या तोंडावर सांगायच्या आणि मामा कान पाडून हसायचे. मामींना जाऊन दीड वर्ष झालं. मुलगी लांबच्या शहरात. मामा घराला कुलूप लावून खाद्याच्या गोदामालगतच्या खोलीत राहायला आले. तिथे एक खाट, एक स्टोव्ह आणि दोन कप. दुसरा कप बहुतेक मी गेले तरच धुतला जायचा.

मालकांच्या डोक्यात खाद्य फेकणारं यंत्र घोळत होतं. मामांनी हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला. या वेळचे मासे धडधाकट निघाले तर बादली मामांकडे राहणार होती, नाहीतर यंत्र येणार आणि मामांनी मुलीकडे जायचं. तिच्या गॅलरीत बसून मी काय येणारीजाणारी वाहनं मोजू, असं ते मला म्हणाले होते.

एरवी मी दुपारची जायची. एकदा दुसरीकडे काम होतं म्हणून उजाडतानाच पोचले, तर मामा बांधावर उभे. मामी गेल्यापासून त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता.

"डॉक्टरबाई, गंमत बघा. हल्ली मी बादली वाजवायच्या आधीच वर येतात. माझी वाट बघत असतात."

मी पाण्याकडे बघितलं. तळंभर नुसती तोंडं होती. शेकडो तोंडं पाण्याबाहेर येऊन उघडमीट करत होती. पाणी गर्द हिरवं, काठाला आंबूस वास. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडली तर वीतभर खालीच दिसेनाशी झाली. एक मासा कापून पाहिला. आत चरबीच चरबी आणि यकृत लोण्यासारखं फिकं पडलेलं.

दिवसातून किती वेळा घालता, असं विचारलं तर मामा पायाकडे बघायला लागले. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की दोनाचे तीन झाले होते, मग पाच, कधी सहासुद्धा. उरलेले दाणे तळाशी कुजत होते, हिरवं शेवाळ माजलं होतं आणि रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत होता. मासे पहाटे वर यायचे ते श्वासासाठी. मामा त्यांना भुकेले समजून आणखी एक बादली ओतायचे.

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं पाण्याकाठी काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? तेव्हा जे बोलले ते मला अजून बोचतं.

"ते तुमची वाट बघत नाहीत, मामा. ते गुदमरताहेत."

मामांनी बादली हळूच खाली ठेवली.

"थोडंथोडं कळत होतं," ते म्हणाले. "पण बादली वाजवली की कोणीतरी येतं हो. खोलीवर कोण येतं?"

महिन्यातून दोनदा मी यायची, आणि तीही घड्याळाकडे बघत चहा संपवायची.

आम्ही पाणी घुसळणारे पंखे लावले, निम्मं पाणी बदललं. पाच दिवस एक दाणाही घालायचा नाही, बादली वाजवायची नाही, असं मी बजावलं. मालकांपासून काही लपवलं नाही. मासे वाचले तर बादली मामांकडेच राहील, नाहीतर यंत्र, एवढंच ते म्हणाले. पहिल्या दोन दिवसांत चाळीसेक मासे मेले. मामांनी ते जाळीने काढून एकट्याने पुरले.

सहाव्या दिवशी मी पुन्हा उजाडताना गेले. मामा बांधावरून चालत होते, अनवाणी. चपला हातात होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "पावलं ओळखतात. वर आले तर द्यायला काही नाही माझ्याकडे."

मी थाळी सोडली. हातभर खालीही ती स्वच्छ दिसत होती. पाणी शांत होतं. मासे वाचले, बादली तुमचीच राहिली, असं मी त्यांना सांगितलं. आजपासून घाला, पण आठ आणि चार, दोनच वेळा. त्यांनी मान हलवली, पण नजर पाण्यावरून हलली नाही.

"आज कोणीच वर आलं नाही ना?"

"कोणीच नाही, मामा."

"म्हणजे बरे आहेत," ते म्हणाले आणि चपला मांडीवर घेऊन बांधावर बसले. आठ वाजायला अजून सव्वा तास होता.