उपासाची गोळी

"हिला भाकरी कशाला? गोळी देते. भाकरी खाऊन पोरगी सुस्तावते."

डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, पाहुण्या बायकांच्या देखत. अमरावतीतलं घर. महालक्ष्म्यांचा दिवस. आत सोळा भाज्या शिजत होत्या, पुरणाचा वास परसात येत होता आणि मी राखेनं पितळ घासत बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी एवढंच म्हणाले होते, "बाईसाहेब, कालची भाकर असंन तं द्या."

नैवेद्याआधी आतलं अन्न मला मिळणार नव्हतं, ते ठीक. पण शिळी भाकर काही देवीची नव्हती.

बाईंनी बाटलीतून एक पांढरी गोळी काढली. मी हात पसरला. त्यांनी वरून सोडली. बोट लागू नये म्हणून चांगली वीतभर वरून. मागोमाग ओंजळीत पाणी, तेही वरून. पाहुण्या हसल्या.

आता लाजेची गोष्ट सांगते. मला अपमान कळलाच नाही. मी खूश झाले! बाईसाहेब स्वतः खातात ती गोळी. उपासाला खातात, अंग सुटू नये म्हणून खातात. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात औषधवाले आणून देतात. ती मला दिली म्हणजे मी घरातलीच झाले की! अंजनगावच्या बाजूची, कपाशीत वाढलेली पोट्टी मी. दोन वेण्या, आणि अक्कल वेणीच्या टोकाला बांधलेली.

गोळी चढली. भूक मेली. मी घंगाळ घासलं. घंगाळाचं बूड घासलं, जे देवालाही दिसत नाही. भांडी संपली म्हणून परसातल्या फरश्या घासल्या. फरश्या संपल्या म्हणून विहिरीचा काठ. सगळा वेळ तोंड चालू. घंगाळाशी बोलत होते मी, तांब्याशी भांडत होते. दात एकमेकांवर करकरत होते आणि मला वाटत होतं, आपण आता फार हुशार झालो. शेवटी माझं पान आलं. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. वर्षातून एकदा मिळणारं पान. घास गिळवेना. मी ते गाईला घातलं.

दुसऱ्या दिवशी अंग भिजल्या कापसाच्या गाठोड्यासारखं जड. कारण नसताना रडू. मग मीच बाईंकडे गेले. "बाईसाहेब, ते गोयी देता का?"

तेव्हापासून काम जास्त असलं की गोळी. काम नेहमीच जास्त असे. त्यांची भाकर वाचत होती आणि मी त्यांना दुवा देत होते.

पुढच्या साली हरतालिकेला गावी गेले. बाईंनी बक्षीस म्हणून एक अख्खी बाटली दिली होती. लुगडं द्यायचं कबूल केलं होतं, बाटली दिली. मी ती मिरवत नेली.

शेवंतावयनी माझ्या दादाची बायको. माय गेल्यावर मला तिनंच न्हाऊ घातलं, तिनंच वेण्या घातल्या. हसली की तिचे डोळे मिटायचे. कडेवर तिचं पोरगं.

"वयनी, हे उपासाची गोयी. भूक नाही, तहान नाही, झोप नाही. जागरण करा आन् सकाळी टवटवीत!"

"काय वं माय! उपास मोडंन ना."

बायका जमल्या. पंचायत बसली. निकाल सोनाबुढीनं दिला. "कायचा मोडते? धान नाही, फळ नाही. डाक्टरचं हाय ते. डाक्टरच्या गोयीनं कुठं उपास मोडते काय?"

"पण पाणी तं लागंन, बुढे?"

"कोरडीच गिया."

वाळूच्या महादेवापुढं बायकांनी गोळ्या कोरड्याच गिळल्या. एकीच्या घशात अडकली, डोळे पांढरे झाले, सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी. त्या हरतालिकेला आमच्या आळीत कोणी पेंगलं नाही. मला वाटलं, अमरावतीहून मी देवाचा प्रसादच आणला.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका डोकी धरून बसल्या. म्हणाल्या, पुन्हा नको बाप्पा. वयनी मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "अजून हाय काय वं?"

होती. दिली.

कापूस वेचणीचे दिवस आले. वयनी साऱ्या बायांच्या पुढं. दादाची छाती फुगलेली. तो अमरावतीला आला की मी त्याच्या हाती पुडी पाठवायची, "वयनीले ताकदीची दवा." बाईंकडे मी माझ्यासाठी म्हणून मागायची. बाई देत. कामाची पोर हातची जाऊ नये म्हणून देत असतील. मी का देत होते? कारण वयनी मला म्हणायची, "तू मोठी माणूस झाली वं." तेवढ्यासाठी.

थंडीत गेले तर वयनी ओळखू येईना. गाल आत, ओठ फाटलेले, दाढा किडलेल्या. जेवत नव्हती, झोपत नव्हती. कापसाच्या गंजीत कोणी लपलंय म्हणायची. दादानंच लपवलंय म्हणायची. पोरगं रडून रडून निळं पडलेलं, ते तिच्या गावीही नाही. आणि हात. कोपरापासून मनगटापर्यंत खरवडलेला.

"वयनी, हे काय वं?"

"अयी हाय. बोंडातली. कातडीखाली सरकून राहिली. थांब, काढतो तिले."

वाळक्या बोंडाच्या टोकानं ती स्वतःची कातडी उकरत होती. अळी कुठंच नव्हती.

गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. भगताकडे नेलं. त्यानं धूर दिला, लिंबं उतरवली. मी तिथंच उभी होते. मला ठाऊक होतं. माझेही दात करकरत होते. पण बोलले असते तर दादानं विचारलं असतं, ताकदीची दवा म्हणून माझ्या हाती काय धाडत होतीस? घंगाळाशी बोलता येत होतं मला. माणसांपुढं वाचा बसली.

उन्हाळ्यात, कपाशीची वाळली पराटी उपटताना, वयनी छाती धरून वावरात खाली बसली. पाण्याचा तांब्या येईस्तोवर संपली. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी पण मान हलवली. हो, ऊन लागलं.

त्यानंतर बाई देत ती गोळी मी विहिरीत टाकू लागले. अंग मोडून निघालं. झोपच झोप, रडूच रडू, आणि गोळीसाठी जीव असा तडफडे की विहिरीत डोकावून पाहायची, तरंगतेय का! हसा. मी पण हसते. पण हळूहळू भूक परत आली.

भादवा आला. पुन्हा महालक्ष्म्या, पुन्हा पाहुण्या, पुन्हा राख आणि पितळ. बाई दारात आल्या. "घे गं. आज पंगत मोठी आहे."

मी हात पसरला नाही.

"मले भाकर द्या."

"काय?"

"भूक लागली मले. भाकर द्या."

बाई हसायला गेल्या आणि त्यांचे दात करकरले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाल आत. ओठ फाटलेले.

"बाईसाहेब, हेच गोयी खाऊन माही वयनी मेली."

डॉक्टरसाहेब बाहेर आले. "गावात वाटायला तुला कोणी सांगितलं होतं? तुम्हा लोकांना प्रमाण कळत नाही."

त्यांच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दुसऱ्याला होतं.

"मले देतानी परमान काहून नाही सांगतलं, साहेब? आन् बाईसाहेबाचं परमान कोन पायते? त्यायचे दात पाहा."

राख फासलेली भांडी तशीच टाकली आणि निघाले. रस्त्यात कडकडून भूक लागली. मी ती पोटाशी धरून गावापर्यंत नेली.

पण दादाला सांगितलं नाही. तो मरेपर्यंत नाही. डॉक्टराच्या तोंडावर बोलणारी वाघीण, भावापुढं शेळी.

आता मी अकोल्यात लेकाकडे असते. मागच्या आठवड्यात मारुतीच्या पारावर नशेविरुद्ध सभा झाली. एक तरुण डॉक्टर आले होते. म्हणाले, मेथ म्हणतात तिला, काचेच्या खड्यासारखी दिसते. भूक मारते, झोप मारते. माणूस घरच्यांवर संशय घेतो, कातडीखाली किडे आहेत म्हणतो, दात जातात, काळीज बंद पडतं. असं कोणी घरात दिसलं तर लपवू नका, भगताकडे नेऊ नका, दवाखान्यात आणा.

मी मागून विचारलं, "डाक्टर, आमच्या वक्ताले हे गोयीत ये काय?"

"यायची, आजी. दवाखान्यातूनच मिळायची."

मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वयनीचं पोरगंही आता अकोल्यातच राहतं, ते समोरच बसलं होतं. पोरगं कसलं, त्यालाही नातवंडं आहेत. आईला ऊन लागलं एवढंच त्याला माहीत. तो ऐकून उठला आणि निघून गेला. माझ्याशी बोलत नाही. त्यानं बोलावं अशी माझी मागणी नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण शिकवणीच्या पोरांना तेच खडे देतो. "अभ्यासाची दवा" म्हणतो. माझ्यासारखाच आहे, नाव छान ठेवतो. त्याचा बाप मोठा माणूस, म्हणून गल्ली गप्प आहे.

उद्या हरतालिका. वयनी गेल्यापासून मी हा उपास करत नाही. दरवर्षी या दिवशी दारात बसून भाकरी खाते, सगळ्यांना दिसेल अशी. बायका नाकं मुरडतात. उद्या मी माझ्या दारात बसणार नाही. त्याच्या दारात बसणार. भाकरी, ठेचा, कांदा. जे पोरगं येईल त्याला विचारणार, "जेवला काय रे?" आणि त्याला वयनीचा हात सांगणार, कोपरापासून मनगटापर्यंत. आधी माझं नाव घेईन, मग या दारवाल्याचं.

मला उठवायला येतील. येऊ द्या. भाकरी दोन दिवसांची बांधली आहे.