औशाच्या युनूसचाचांकडे गर्दनीचं मटण शिकायला

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. नांदेडच्या बसस्थानकावर, लातूरच्या गाडीत खिडकीशी बसून मी तिसऱ्यांदा पिशवी उघडून बघत होतो. आत आमच्या परसातली कच्ची पपई होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ओरखडा पडून चीक गळाला तर तिचा जोर जाईल, अशी धास्ती मला होती.

ही पपई अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं ट्रक चालवला, आता घरी असतात. दात गेले. कवळी करून घेतली, पण ती हिरड्या सोलते म्हणून वाटीत पडून असते. मटणाचा माणूस, आणि आता रविवारी नुसत्या रश्शात भाकरी कुस्करून खातात, तेही भिंतीकडे तोंड करून. लग्नाकार्यात तर जेवायला थांबतच नाहीत. खिमा करून दिला तर म्हणाले, "मला फोड पायजे. चावल्यासारखं तर वाटू दे."

मी फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं जुळवतो. दहावी अर्धी राहिली. कोवळ्या बोकडाचं मटण आम्हाला दर आठवड्याला झेपत नाही. म्हाताऱ्या मेंढीची गर्दन स्वस्त मिळते, पण ती चिवट. म्हणून मटण मऊ करायची पपईची पावडर आणली. पुडीवर अर्धा तास लिहिलं होतं. मी खात्रीसाठी दुप्पट लावली आणि रात्रभर ठेवलं. सकाळी भांड्यात लगदा! अण्णांनी बोट घालून पाहिलं. "हे भाकरीला फासायचं का?" ते हसले, पण जेवले नाहीत.

मग आईनंच युनूसचाचांचं नाव काढलं. अण्णांच्या ट्रकवरचे जुने जोडीदार, आता औशाला लग्नाचं जेवण रांधतात. अण्णांना मी दुकानाचं काम आहे म्हणून सांगितलं.

नांदेड ते लातूर साध्या गाडीचं तिकीट दोनशे पस्तीस रुपये. लोह्यापर्यंत धुकं होतं. पुढे हरभऱ्याची रानं दिसायला लागली. शेजारच्या मावशींनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "औशाला पपया मिळत न्हाईत का रे?"

"ही घरची आहे. हिची सवय आहे मला."

"पपईची कसली सवय, माय!" त्या अहमदपूर येईपर्यंत हसत होत्या. अहमदपूरला गाडी पंधरा मिनिटं थांबते. तिथली गरम भजी खा, चहा मात्र लातूरला प्या.

लातूरहून औसा वीस किलोमीटर, पस्तीस रुपये. किल्ल्याच्या बाजूला, बाजाराच्या मागे चाचांचं घर. मी सगळी हकीकत सांगितली. रात्रभर ठेवल्याचं ऐकून ते चाचींकडे वळले. "सुनती क्या? अण्णाच्या पोरानं गर्दनीचं खिमट केलं!" मग मला म्हणाले, "बेटा, पपई औषध हाय. बाटलीभर औषध पितो का कुनी?"

बाजारातून अर्धा किलो गर्दन आणली, दोनशे ऐंशी रुपये. चाचा स्वतः खाटेवर बसले आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. फोडी मोठ्या ठेवायच्या. मांसाचा धागा कुठल्या बाजूला जातो ते बघून आडवं कापायचं. काट्यानं टोचायचं, कारण पपई आपण होऊन आत खोल जात नाही. अर्ध्या किलोला सालीसकट वाटलेल्या पपईचा एकच चमचा. पिकलेली चालत नाही.

मी वही काढली. "किती मिनिटं ठेवायचं?"

"थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी."

"पण किती?"

"घड्याळ खानार हाय का अण्णा? अंगठा लाव." त्यांनी माझा अंगठा धरून फोडीवर दाबला. कच्चं मांस रबरासारखं लगेच वर आलं. "आता बघत ऱ्हा. खड्डा आळसानं भरला की चुलीवर. भरलाच न्हाई, तर तुझं खिमट झालं."

मी दर पाच मिनिटांनी दाबत होतो. चाची म्हणाल्या, "अरे, दाबून दाबूनच मऊ करशील!" पाऊण तासानं खड्डा खरंच सावकाश भरला. मला ते बोटाला कळलं, वहीत कसं लिहायचं ते अजून कळलेलं नाही. चाचांनी लगेच पातेलं चढवायला लावलं. मांस तापत जातं तशी पपई जोरात काम करते आणि उकळी आली की तिचं काम संपतं, म्हणून आच मंद आणि झाकण घट्ट. दोन तासांनी फोड अख्खी होती, आणि चमच्याच्या कडेनं तुटत होती.

चाचांनी एक फोड खाल्ली. स्टीलचा डबा आणला, भरला, फडक्यात बांधला. "अण्णाला दे. मी दिलं म्हनून सांग. तुझं नाव ऐकलं तर भिऊन खायचा न्हाई."

परतीला डबा पूर्ण वेळ मांडीवर होता. रात्री साडेआठला घरी पोचलो. अण्णांनी फडक्याची ओळखीची गाठ पाहिली. "युनूसकडं गेला होतास व्हय?"

पहिली फोड त्यांनी जिभेवर धरून ठेवली. मग जबडा हलला. एकदा, दोनदा, बराच वेळ. मी त्यांच्या गळ्याकडे बघत उभा होतो. घास उतरला. अण्णा भिंतीकडून आमच्याकडे वळून बसले आणि आईपुढं ताट सरकवलं. "अजून एक वाढ. युनूसच्या हाताला तोड न्हाई."

आईनं माझ्याकडे पाहिलं. सांगू नको म्हणून मी मान हलवली.

तुम्ही करून बघणार असाल, तर माझा हिशोब असा:

गाडीभाडं, जाऊन-येऊन: ५४० रुपये
चहा, भजी: ७०
गर्दन, अर्धा किलो: २८०
पपई: घरची
एकूण: ८९० रुपये

देणं: चाचांचा डबा. रिकामा परत करायचा नाही, म्हणून पुढच्या रविवारी भरून न्यायचा आहे. अण्णा म्हणालेत, "मीबी येतो. जेवूनच येऊ." म्हणजे तिकिटं दोन.