गाडीतला ऑर्गन

पडदा वर जातो तेव्हा सोलापुरातलं एक मैदान दिसतं. चैत्रातली दुपार. डावीकडे आमच्या नाटक कंपनीचा मंडप. उजवीकडे, कनातीला खेटून, एक जुनी ॲम्बॅसिडर. टपावर ओली पोती, चारी दारं सताड उघडी, आणि सारखा आत-बाहेर करणारा एक सडपातळ माणूस. हा बिरप्पा, आमचा ड्रायव्हर. अठ्ठ्याहत्तर सालचा एकच हंगाम तो आमच्याकडे होता. पण इतका अस्वस्थ माणूस मी रंगमंचावर पाहिला नाही आणि खालीही नाही.

अक्कलकोटकडचा गडी. ऐन उमेदीची वर्षं हातमागावर गेली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसायचं आणि सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायचा. "महाराज, धोटा तरी हिंडायचा, मी न्हाय," तो मला म्हणे. मी राजाच्या भूमिका करी, म्हणून त्याचा 'महाराज'. गाडी चालवायला शिकला आणि मागावरून पळालाच.

त्या वर्षी आमचा ऑर्गनवाला दुसऱ्या कंपनीत गेला. मालक रावजींनी सगळ्या पदांची साथ पुण्याहून टेप करून आणली. ती वाजवायला यंत्र एकच, गाडीतला रेडिओ-टेप. मग गाडी मंडपामागे लावायची, तिथून वायर कनातीखालून कर्ण्याला जोडायची. विंगेतून रावजींनी दोरी ओढली की आरशाला बांधलेला घुंगरू वाजे आणि बिरप्पा टेप सुरू करी. दोनदा ओढली तर मागे फिरवून पुन्हा.

"बिऱ्या, टेप फक्त प्रयोगाला लावायची," रावजींनी बजावलं होतं. "बिघडली तर तू तुझ्या मागावर!"

निगा तो फार राखी. मी मिशी उतरवायला वापरायचो त्या स्पिरिटचा बोळा करून टेपचं हेड पुसायचा. पण गप्प गाडीत बसणं त्याच्यानं होईना. रेडिओचा काटा सांगलीवरून धारवाडला, धारवाडवरून परत. खरखर सुरू झाली की हात टेपकडे जाई. "एकडाव बघतो, नीट हाय का."

त्या दुपारी असंच बघताना दुसऱ्या पदातला ऑर्गन एकाएकी रेकायला लागला. उन्हानं पट्टी सैल पडून चाकाला गुंडाळली होती. त्यानं कॅसेट ओढली तर पाठोपाठ शेवयांसारखी पट्टी बाहेर आली आणि तुटली.

मी तिथेच पानाला चुना लावत होतो. बिरप्पाच्या बोटांनी त्यांना ठाऊक होतं तेच केलं. तुटलेलं सूत जोडावं तशी त्यानं पट्टीची दोन टोकं गाठीनं बांधली आणि उरलेली शेपटं दातानं तोडली.

"मागावरची गाठ हाय, महाराज. फणीतनं सरकन जाती."

फणीतून गेली असती. टेपच्या हेडाशी आली आणि अडकली. नखानं ढकलली तेव्हा कुठे पुढे सरकली.

"मालकांना सांगू नगा."

"मी नाही सांगत. पण प्रभाबाईंना तू सांग. गायचंय तिला."

प्रभाबाई आमची नायिका. ती गजरा माळत होती. बिरप्पा दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला, "बाई, दुसऱ्या पदात गाठ हाय."

"कुठल्या ओळीवर?"

"तुमी वरचा सूर धरता नव्हं, तितंच."

"मेल्या, जागा तरी बरी शोधलीस!" तिनं गजऱ्यात पिन खोचली. "मी सूर धरून ठेवते. तू गाठ पार कर. पण माझा दम संपायच्या आत हं!"

प्रयोगाला मंडप विणकरांनी, गिरणीवाल्यांनी खचाखच भरला. मी सिंहासनावर. दुसरं पद आलं, प्रभाबाईंनी वरचा सूर लावला आणि ऑर्गन बंद! ती सूर धरून उभी. मागे गाडीचं दार कुरकुरलं. तिच्या गळ्याची शीर फुगली. मला सिंहासन टोचायला लागलं. माझी मूठ उगाच तलवारीवर गेली. आता दम तुटणार, तोच ऑर्गन परत आला.

मंडप नुसता कडाडला. बाईंनी आपला दम दाखवायला साथ थांबवली, असंच लोकांना वाटलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

ऑर्गनवाला असता तर त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं असतं. इथे पट्टी मागे फिरवायची, म्हणजे तीच गाठ उलटी पार करायची. हे रावजींना कुठून ठाऊक? खुशीत त्यांनी दोरी दोनदा ओढली. बिरप्पा आता कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवत असणार, हे मला बसल्याजागी दिसत होतं. लोक टाळ्यांचा ठेका धरू लागले. साथ येईना. रावजी दोरी ओढतच राहिले. घुंगरू रिकाम्या गाडीत वाजत होता, कारण बिरप्पा स्वतःच विंगेत येऊन उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत तपकिरी पट्टीची तुटलेली टोकं लोंबत होती.

प्रभाबाईंनी ती टोकं पाहिली. ती दोन पावलं पुढे आली, डोळे मिटले आणि साथीशिवाय गायला लागली. टाळ्यांचा ठेका विरला.

हे पद बिरप्पानं हंगामभर कनातीआडून ऐकलं होतं, पण पाहिलं कधी नव्हतं. आता त्याच्या हातांना काही कामच नव्हतं. पट्टी धरलेली बोटं हलत नव्हती, पायांची चुळबुळ नव्हती. तो नुसता उभा होता.

रावजींनी त्याचं मनगट पकडलं. दबक्या आवाजात ते खेकसले, "बिऱ्या, सकाळी पगार घे आणि चालता हो. जा, माग चालव!"

बिरप्पानं मान वळवली नाही.

"जातो की मालक," तो म्हणाला, "पर बाईंचं पद हूं द्या की आदी."