शेजार

कुलूप हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण चौदा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळून ज्यानं समोरच्या संघातला सगळ्यात नावाजलेला गडी सामन्यामागून सामने बंद करून दाखवला, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? बास्केट करणाऱ्यांचे फोटो छापून येतात. बास्केट होऊ न देणाऱ्याचं कोपर तेवढं कधीमधी फोटोच्या कडेला दिसतं. कुलपाच्या बायकोनं अशी सतरा कोपरं कात्रणांच्या वहीत चिकटवून ठेवली होती, आणि पाहुण्यांना ती बोट ठेवून दाखवायची.

त्याची कला एकच. नेमून दिलेल्या माणसाची पाठ सोडायची नाही. तो पळाला की पळायचं, थांबला की थांबायचं, पाणी प्यायला गेला तरी नजर त्याच्यावर. एकदा एका बड्या खेळाडूनं वैतागून विचारलं होतं, लग्न करणार आहेस का माझ्याशी? त्यावर कुलूप म्हणाला होता, सामना संपेपर्यंत झालंय असंच समज.

छत्तिसाव्या वर्षी त्याचा उजवा गुडघा रुसला. पळताना ठीक, पण एकदम वळायचं म्हटलं की नकार. त्याच मोसमात प्रशिक्षकानं खेळायची पद्धत बदलली. हा प्रशिक्षक म्हणजे कुलपाचा जुना सोबती. कुलूप संघात आला तेव्हा तो कप्तान होता, म्हणून कुलूप त्याला अजूनही कप्तानच म्हणायचा. कप्तानानं सांगितलं, आता माणसाला माणूस बंद. यंदा झोन. कुणी कुणाच्या मागे धावायचं नाही, कोर्टाचा आपापला तुकडा राखायचा. तुकड्यात येईल तो तुझा, बाहेर गेला की दुसऱ्याचा. कुलपाला डावीकडचा तुकडा मिळाला. शिवाय एक नवी हाळी ठरली. कुणीही 'शेजार!' असं ओरडलं की सगळ्यांनी एकेक पाऊल डावीकडे सरकायचं.

कुलपाचा आवाज आधीच खणखणीत. ही हाळी त्यानं जणू स्वतःच्या नावावर करून घेतली. चेंडू डावीकडे आला की हा 'शेजार!' म्हणून सगळं स्टेडियम दणाणून सोडायचा आणि सगळे भराभर सरकायचे. पहिल्या अकरा सामन्यांतले नऊ जिंकले. कुलूप घरी बायकोला म्हणाला, वय झालं वय झालं म्हणतात, तसं काही नसतं, डोकं वापरायला लागतं. माणूस खुशीत असला की कसा फसतो बघा.

पुढे समोरच्यांनी मेख ओळखली. चेंडू आधी डावीकडे द्यायचा, हे सगळे सरकले की तीन झटपट पासमध्ये उजव्या कोपऱ्यात पोचवायचा. तिथे राखणीला चिटपाखरू नसायचं. तिथे उभा असलेला त्यांचा गडी निवांतपणे तीन गुणांची फेक करायचा. पुढच्या बारा सामन्यांतले नऊ हरले. प्रेक्षक कप्तानाच्या नावानं खडे फोडू लागले. शेवटी मालकांनी कप्तानाला स्पष्ट सांगितलं, उरलेल्या तीन सामन्यांत दोन जिंका, नाहीतर निरोप घ्या.

कप्तानाला या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. कोपऱ्यातल्या त्या भोकाला काहीतरी बूच लावता येईल म्हणून कुलूप सकाळीच व्हिडिओच्या खोलीत जाऊन बसला. सामन्यांचे तुकडे कापून ठेवणारी मुलगी संघात नवीन होती. तिनं कोपऱ्यातल्या सगळ्या फेकी ओळीनं लावल्या. कुलूप बघत राहिला. प्रत्येक वेळी तेच. सगळे त्याच्याकडे सरकताहेत, आणि तो मात्र होता तिथेच.

"शेजार झाला की उजवीकडे उघडं पडणारच, दादा," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "तुमचा गुडघा सांभाळायचा म्हणजे तेवढं आलंच."

त्याला ठाऊक नाही हे तिला ठाऊक नव्हतं. कुलूप म्हणाला, पुढचं लाव. तिनं लावलं. पडद्यावर तोच दोन्ही हात वर करून ओरडत होता. हळूहळू त्यानं तिच्याकडून काढून घेतलं. तो मालिशवाल्याकडे गेला होता त्या दिवशी कप्तानानं बाकीच्यांना बसवून सांगितलं होतं, की शेजार म्हणजे कुलपाला सांभाळा, तो वळायच्या आत तुम्ही पोचा. आणि त्याला न सांगण्याची सगळ्यांनी शपथ घेतली असणार, हे त्याचं त्यालाच कळलं.

लाजेनं त्याचे कान तापले. तो तसाच कप्तानाच्या खोलीत गेला. कप्तान फळ्यावर लोहचुंबकाच्या सोंगट्या सरकवत बसला होता.

"शेजार कुणासाठी होता, कप्तान?"

कप्तानाचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"मीच सांगत होतो की. वर्षभर. घसा फोडून."

मग कुलूप म्हणाला, मला बसव, यंदा संघात आलेल्या त्या नव्या गड्याला माझ्या जागी घे आणि माणसाला माणूस खेळू दे.

"या वयात बाकावर बसलेला परत उठत नाही," कप्तान म्हणाला. "ते माझ्या हातून व्हायचं नाही."

"मग तू जाशील."

"जाईन."

असं प्रेम करणाऱ्यापेक्षा चार शिव्या घालून हाकलणारा परवडला. त्याच्याशी निदान भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी सरावात कुलूप चेंडूमागे वळला आणि गुडघा धरून खाली बसला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मान हलवली. त्या गुडघ्याचा फोटो कुठल्याही दिवशी काढला असता तरी डॉक्टरांनी मान हलवलीच असती. मोसम संपला, असा कागद मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा कुलूप खोटंखोटं पडला होता, आणि ते अगदी बेमालूम जमलं होतं.

त्याच्याशिवाय झोन ठेवायचं कारण उरलं नाही. संघ माणसाला माणूस खेळला. नव्या गड्यानं पहिल्याच सामन्यात समोरच्या मोठ्या खेळाडूला असा जखडला, की बाकावर कुलपाच्या तोंडून आपसूक शाबास निघून गेलं. आणि पाठोपाठ डोळे भरून आले. संघानं तिन्ही सामने जिंकले. कप्तान राहिला. एका वार्ताहरानं लिहिलं, की कुलपाचा गुडघा हीच संघाची यंदाची सर्वांत मोठी कमाई. लोक पोट धरून हसले. बायकोनं ते कात्रण वहीत लावलं नाही.

गुडघ्याची चौकशी सगळ्यांनी केली. नवा गडी दोनदा फळं घेऊन घरी आला. व्हिडिओवाली मुलगी फोनवर रडली. मालकांनीसुद्धा चिठ्ठी पाठवली. कप्तान मात्र दर रविवारी यायचा, चहा घ्यायचा, पुढच्या मोसमाबद्दल बोलायचा, जाताना खांद्यावर हात ठेवायचा. गुडघा कसा आहे, एवढं त्यानं कधीच विचारलं नाही.

कुलूप उत्तर तयार ठेवून दर रविवारी वाट बघायचा.