मागची गल्ली कोणासाठी?

"कोणासाठी?"

नकाशा कितीही सुबक असो, त्यावर आपला पंजा सपाट ठेवून आमचे साहेब एवढंच विचारत. पंजाही असा नेमका ठेवायचे की आपण दिवसभर मान मोडून काढलेला रस्ता त्याखाली गडप व्हायचा. मग चष्म्याच्या वरून बघत, अगदी गोड आवाजात, "कोणासाठी?" कन्नड मंडळींना तेच "यारिगे?" त्यामुळे अख्ख्या कचेरीत त्यांचं नाव 'यारिगे साहेब' पडलं होतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा टेलिफोनवर त्यांनी स्वतःच "हां, यारिगे बोलतोय" असं सांगून टाकलं आणि आम्ही सगळे टेबलाखाली पडलेल्या पेन्सिली शोधायला लागलो.

साठ सालाच्या आगेमागे मी बेंगळूरला नगररचनेच्या कचेरीत ट्रेसर होते. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारं मेणकापड पसरायचं आणि त्यावर शाईनं गिरवायचं, हे माझं काम. चामराजपेटेतली मराठी मुलगी नोकरीला जाते म्हणून घरी आधी बरीच आदळआपट झाली होती. पण पहिला पगार आला आणि सगळं सरी, म्हणजे ठीकठाक, झालं.

हे साहेब धारवाडकडचे. मराठी बोलत ते कन्नडच्या चालीवर, शेवटचा शब्द ओढून. आधी बरीच वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेलं, मग कुणास ठाऊक काय मनात आलं, परदेशी जाऊन नगररचना शिकून आले. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, तत्त्वज्ञान सोडून इकडं कुठं आलात?"

"सोडलं कुठं बाई?" ते म्हणाले. "हेही तेच आहे. कॉलेजात माझं चुकलं तर पोरं झोपायची. इथं चुकलं तर त्या चुकीवरून लोकांना रोज चालावं लागतं."

त्यांची कामाची रीत न्यारी होती. चिकपेटेतून आणलेली एक घडीची कापडी खुर्ची होती. जिथं काही बांधायचं असेल तिथं ते ती टाकून बसत. बाग व्हायची असेल तिथं भर माळावर, बसथांबा व्हायचा असेल तिथं धुरळ्यात. "इथं बसल्याशिवाय इथलं कळत नाही," म्हणत. एकदा शहराबाहेरच्या एका शेतात असे बसले असताना एक म्हातारी आली आणि आपली म्हैस दूध का देत नाही ते विचारू लागली. साहेबांनी तासभर म्हशीची चौकशी केली. परत येऊन म्हणाले, "तिथं दवाखाना हवा. जनावरांचा." मोठे साहेब, म्हणजे आमच्या कचेरीचे प्रमुख, कपाळाला हात लावून बसले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर चिडावं म्हटलं तर हसू येतं आणि हसावं म्हटलं तर विचारात पडायला होतं. कचेरीतल्या टारगटांनी एकदा त्यांना विचारलं, "सर, लग्न कोणासाठी?" साहेब ब्रह्मचारी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते नकाशात डोकं घालून होते. मग डबा उघडता उघडता म्हणाले, "ज्याला हा प्रश्न पडत नाही, त्याच्यासाठी."

पण मला सांगायचंय ते आमच्या मागच्या गल्लीचं.

चामराजपेटेत घरांच्या पाठीला पाठ लागलेली असते आणि मधून एक अरुंद गल्ली जाते. पूर्वी ती मैला नेणाऱ्या माणसांसाठी होती. त्यांनी समोरच्या रस्त्यानं यायचं नाही, मागून यायचं, मागूनच जायचं. मग जमिनीखालची गटारं आली, ते काम बंद झालं, आणि बरं झालं बाई, ती लाज संपली. गल्ली धुऊन निघाली, रिकामी पडली, आणि बघता बघता बायकांनी ती काबीज केली. पापड वाळताहेत, शेंगा निवडल्या जाताहेत, या दारातून त्या दारात हुळीची, म्हणजे आमटीची, वाटी चाललीय.

आमच्या आत्याबाई तर त्या गल्लीवर जगत होत्या. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही थोरली बहीण. लहानपणी विधवा झालेली, डोक्यावर केस नाहीत, अंगावर लाल आलवण. समोरच्या रस्त्यावर त्यांनी पाऊल टाकायचं नाही. कुणी कामाला निघालं आणि त्या आडव्या आल्या तर अपशकुन. तीच माणसं मागच्या दारानं मात्र त्यांना बोलावणं धाडत. बाळाला न्हाऊ घालायचंय, आत्याबाईंना बोलवा. बाळाचं पोट फुगलंय, आत्याबाईंना बोलवा. आळीतलं एक मूल असं नसेल जे त्यांच्या पायांवर पालथं पडून रडलं नाही. मला या सगळ्याचा संताप यायचा. त्यांना येत नसे. त्यांना गल्ली होती ना.

आणि एके दिवशी आळीतल्या पुरुषांनी कचेरीत अर्ज दिला: मागची गल्ली निरुपयोगी आहे, ती बंद करून ज्या त्या घराला वाटून द्यावी. अर्जाचे पुढारी होते आमचे अप्पा. भावाचं लग्न ठरत होतं, अप्पांना एक खोली वाढवायची होती. अर्ज फिरत फिरत यारिगे साहेबांकडे अभिप्रायासाठी आला. मला हायसं वाटलं. म्हटलं, हा माणूस विचारणारच, कोणासाठी?

त्यांनी विचारलंच. खुर्ची घेतली आणि ऐन दुपारी आमच्या गल्लीच्या मधोमध टाकून बसले. चांगल्या दोन-तीन दुपारी बसले. मग अभिप्राय लिहिला: गल्लीचा वापर कोणीही करीत नाही, मांजर सोडून.

मी तर उडालेच. "साहेब, अहो बायका असतात तिथं! दुपारभर असतात!"

"मी बसलो होतो बाई. एकही दार उघडलं नाही."

"तुम्ही बसला होता म्हणूनच नाही उघडलं!"

"ते ऐकीव झालं," ते म्हणाले. "ऐकीव कसं लिहू? मी परत बसतो शनिवारी. तुम्हीही या."

घरी येऊन मी आत्याबाईंपुढं फणकारले. "तुम्ही बाहेर येत नाही म्हणून ते लिहितात की कुणी येत नाही!"

"अगं, परका पुरुष वाटेत ठाण मांडून बसलेला. येणार कसं? त्यांना म्हणावं, उठा. मग येऊ."

"ते उठले तर त्यांना दिसणार कसं?"

आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "एवढं शिकलेला माणूस," त्या म्हणाल्या, "आणि हे त्याला कळत नाही?"

शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसाची. साहेब खुर्ची टाकून बसले, मी भिंतीला टेकून उभी. ऊन, शांतता, आणि तेच ते मांजर. साहेबांनी माझ्याकडं पाहून हात पसरले. तेवढ्यात पलीकडच्या घरात तान्हं बाळ टाहो फोडून रडायला लागलं. थांबेना. आमचं मागचं दार किलकिलं झालं. आत्याबाई उभ्या होत्या, पदराखाली ओव्याच्या पाण्याची वाटी. बाळ रडतंय, त्या उंबऱ्यात थांबल्यात, साहेब वाटेत बसलेत. मला वाटलं, दार आता लागणार.

आत्याबाई बाहेर आल्या. खुर्चीपाशी येऊन, खाली मान घालून, पण खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अण्णा, खुर्ची स्वल्प सरकवा. वाट अडलीय."

साहेब असे उठले की खुर्ची त्यांच्या बोटांसकट मिटली. आत्याबाई गेल्या. बाळ गप्प झालं. आणि मग काय, एकेक दार उघडायला लागलं. कुणी सूप घेऊन, कुणी पापडाची चादर घेऊन. साहेब मिटलेली खुर्ची छातीशी धरून भिंतीला चिकटून उभे होते, बायका त्यांना वळसा घालून जात होत्या.

"मीच वाट अडवली," ते म्हणाले, "आणि मग लिहिलं, वाटेनं कुणी जात नाही." आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. स्वतःची चूक सापडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले, समोरच्या दारानं. अप्पांनी कॉफी दिली. आत स्वयंपाकघरात रगड्यावर वाटण वाटल्याचा आवाज येत होता.

"ही वाढीव खोली कोणासाठी?" साहेबांनी विचारलं.

"घरासाठी," अप्पा म्हणाले. "माणसं वाढणार ना."

"कोण कोण असतं घरात?"

अप्पांनी सांगितलं: ते स्वतः, आई, माझा भाऊ, येणारी सून, आणि मी.

साहेब जरा वेळ ऐकत बसले. मग हलकेच म्हणाले, "आणि वाटण कोण वाटतंय?"

रगड्याचा आवाज थांबला. अप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वाईट माणूस नव्हते हो ते, बहिणीवर त्यांचा जीव होता. नुसती सवय झाली होती. "ती... माझी थोरली बहीण," ते म्हणाले, आणि हातातला कप खाली ठेवला.

साहेब उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, पण आत पाहिलं नाही. "अक्का," ते म्हणाले, "एका गोष्टीचं मला कोडं पडलंय. गल्ली ठेवली तर तुम्हाला वाट राहील. पण मागचीच राहील. ज्यांना पुढं यायची बंदी, त्यांना मागची वाट काढून द्यायची, हे आधीही असंच होतं. मी चांगलं करतोय की वाईट?"

आत रगडा एकदा फिरून थांबला. मग आत्याबाईंचा आवाज आला. "अण्णा, आधी ती ठेवा. पुढचं मग बघू."

अप्पांनी अर्जावरचं आपलं नाव काढून घेतलं. पुढारीच फुटल्यावर बाकीचे पुरुष जरा गुरगुरले आणि गप्प बसले. साहेबांनी अभिप्राय बदलला आणि गल्ली राहिली. मोठे साहेब म्हणाले, पापडांसाठी नगररचना करायची का आता? साहेब म्हणाले, हो. नव्या नकाशावर ती गल्ली रस्ता म्हणून मीच शाईनं काढली.

पुढं वर्ष-दीड वर्षात त्यांनी ही नोकरी सोडली आणि धारवाडला परत शिकवायला गेले. तिथंच ते वारले, असं नंतर कळलं. कचेरीत त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना सगळं आधीच ठाऊक असे. काम भराभर उरकायचं, पण मला कंटाळा यायचा.

जायच्या दिवशी ते आमचा निरोप घ्यायला आले. आत्याबाई पुढच्या खोलीत येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते आळीला वळसा घालून मागच्या दारानं आले आणि तिथंच पायरीवर बसले. आत्याबाईंनी आपल्या हातानं त्यांना कॉफी दिली. मग ते गल्लीतून निघाले. दर दारात कुणीतरी थांबवून काहीतरी हातात देत होतं. लोणचं, चकल्या, सांडगे. माणूस दिसेनासा झाला नुसत्या पुड्यांनी. अर्ध्या पुड्या मी घेतल्या, अर्ध्या आत्याबाईंनी, आणि आम्ही त्यांना पोचवायला निघालो.

गल्ली संपते तिथं मोठा रस्ता लागतो. बस, टांगे, सायकली, भर दुपारची वर्दळ. साहेब थांबले. हात पुढं करून म्हणाले, "द्या अक्का. रस्ता आला."

"दिसतोय मला," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुड्या न देताच पुढं चालू लागल्या.

मला रडू फुटलं. साहेब आत्याबाईंच्या मागून चालले. थांब्यापर्यंत लाल आलवण सगळ्यांच्या पुढं होतं. एक सायकलवाला कच्चकन ब्रेक दाबून थांबला, आणि आत्याबाईंनी त्याला हातानं खूण केली: जा बाबा, तू आधी जा. बस आली, साहेब चढले, पुड्या चढल्या. बस वळेपर्यंत आत्याबाई बघत होत्या. मग पदर सारखा करून मला म्हणाल्या, "चल. आता घर कुठल्या बाजूला, ते दाखव. मला इकडून ठाऊक नाही."