चालता कांदा

आमचे सासरे दत्तोपंत, घरात सगळ्यांचे अण्णा, भिवंडीच्या जकात नाक्यावर तीस वर्षं कारकून होते. गाठोडं दिसलं की आत काय आहे ते विचारायचं आणि जे उत्तर येईल ते खोटं धरून चालायचं, एवढं त्यांना नोकरीने पक्कं शिकवलं. सत्याऐंशी साली नोकरी संपली, सवय तेवढी राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या माहेरच्या ट्रंकेकडे ते असे बघत राहिले, की शेवटी मीच कुलूप काढलं. "तसं काही नाही हो, सूनबाई," म्हणाले आणि ट्रंक तळापर्यंत बघून घेतली.

या माणसाला फुलांचं वेड असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होतं, आणि तेही फक्त लिलीचं. ब्राह्मण आळीतल्या आमच्या घरामागे छोटंसं परस होतं. पलीकडे लूमचा कारखाना, त्यामुळे शिफ्ट बदलण्यापुरती काय ती शांतता. तिथले कापसाचे तंतू उडून पानांवर बसायचे. अण्णा रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसत. वाटेच्या कडेला रेन लिली, भिंतीशी मे महिन्यात फुलणारी फुटबॉल लिली, कुंड्यांत मोठी लाल लिली. लिलीचा कांदा, म्हणजे कंद, मानेपर्यंत पुरायचा, डोकं मातीबाहेर ठेवायचं, नाहीतर कुजतो, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. पानं पिवळी पडली की कांदे उकरायचे, बाजूची पिल्लं हाताने सोडवायची, जखमेला राख लावायची, दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि मग वेगळं लावायचं.

शेजारी पिल्लं मागायला येत. अण्णा देत, पण सुपारीएवढं. त्याला फूल यायला तीन वर्षं लागत. "तोवर माणूस कसा आहे ते कळतं," असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं, आणि रागही यायचा.

परसातलं तण काढायला तानी यायची. गणेशपुरीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. मंगळवारी आणि शनिवारी पहिल्या एस.टी.ने यायची, डोक्यावर पळसाच्या पानांची टोपली. आमचं आणि आळीतली आणखी सहा घरं तिची ठरलेली. कुठे पानं, कुठे रानभाजी, कुठे अंगण झाडून दे. वय पन्नाशीचं असेल. सगळ्यांना अरे-तुरे करायची, त्यांच्यात तशीच रीत. अण्णांनाही "अण्णा, तू" म्हणायची आणि ते त्यांना खुपायचं. ती निघाली की अण्णा विचारत, "गाठोड्यात काय आहे?" चार-सहा वेळा असं झाल्यावर ती विचारायच्या आधीच पायरीवर गाठोडं सोडून ठेवायला लागली. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी बोलले नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये तिने पदराच्या गाठीतून एक कंद काढून अण्णांच्या हातावर ठेवला. पिवळट, दोन फाटे फुटलेला, लहानशा नांगरासारखा.

"कळलावी हाय," ती म्हणाली.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई अनसूयाबाईंनी, लगेच तोंड वाकडं केलं. कळलावी दारात लावली की घरात भांडणाची कळ लागते असं बायका मानतात. पण पुस्तकात हिलाच ग्लोरी लिली म्हणतात हे अण्णांना ठाऊक होतं. कित्येक दिवस ते तिच्या शोधात होते. तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "फुकट का देतेस?"

"तुला लिल्या आवडतात म्हून."

हे उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही, चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तानीने मात्र बसून नीट सांगितलं. कंद विषारी आहे, हात धुवायचे. आडवा ठेवायचा. फाट्याच्या टोकाला कोंब असतो, तो मोडू द्यायचा नाही. "आनि ह्यो कांदा चालतो," ती म्हणाली. "लावशील तितं ऱ्हात न्हाय."

अण्णा चक्क हसले. मग वहीत लिहून ठेवलं, भिंतीपासून अडीच हात, आणि जागेवर खुणेची वीट पुरली.

वेल मेंदीच्या कुंपणात शिरली आणि ऑगस्टात फुलली. खाली पिवळ्या, वर लालभडक पाकळ्या, सगळ्या वर उलटलेल्या. आळीतले लोक बघायला आले. अण्णा शेजारी उभे राहून प्रत्येकाच्या हातांवर लक्ष ठेवत होते. दरवर्षी वेल हिवाळ्यात वाळून जायची आणि पावसाळ्यात पुन्हा मेंदीतून वर यायची. बुंधा नेमका कुठे आहे, ते त्या दाटीत कुणाला दिसत नव्हतं.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत अण्णांनी कांदा उकरायचा ठरवला. कोन गावच्या तुळशीरामला, म्हणजे त्यांच्या नाक्यावरच्या जुन्या सोबत्याला, त्यांनी एक फाटा कबूल केला होता. विटेपाशी हातभर खणलं. मिळालं फक्त एक तपकिरी, पोकळ सालपट.

"गर काढून नेला आणि साल ठेवली," अण्णा म्हणाले. औषधवाले कळलावीचे कांदे घेतात असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं. झालं, सगळं जुळलं. "आणि बघा, तानी कशी हुशार. कांदा चालतो म्हणे. तीन वर्षांपूर्वीच जबाब देऊन ठेवला."

मग ते माझ्याकडे वळले. "शनिवारी तू मागच्या दारी होतीस. तिच्या पदराला गाठ होती का?"

मी त्या दिवशी तांदूळ निवडत होते. तानीकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण "पाहिलं नाही" म्हटलं असतं तर का पाहिलं नाही, लक्ष कुठे होतं, असा सगळा मोर्चा माझ्याकडे वळला असता. मी म्हटलं, "होती बहुतेक."

एवढंच बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

मंगळवारी तानी आली तेव्हा अण्णांनी तिला अंगणातच अडवलं. तिला आधी काही कळलंच नाही. मग तिने गाठोडं सोडलं, टोपली पालथी केली, पदर झटकून दाखवला. कठड्यावरून शेजारी बघत होते. "मी न्हाय नेला," ती एकदाच म्हणाली, पानं गोळा केली आणि गेली.

शनिवारपर्यंत सहाही घरांत बातमी पोचली होती, मी गाठ पाहिल्याचीसुद्धा. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. नुसतं "आज नको" म्हणायला लागले. दोन फेऱ्या तिने जवळजवळ फुकटच केल्या, मग येणं सोडलं. आमच्या घरात तोवर सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले होते. आई कळलावीला दोष देत होत्या. मी रोज ठरवत होते की अण्णांना खरं सांगायचं, आणि रोज गप्प बसत होते.

जूनमध्ये मेंदीच्या मुळाशी, विटेपासून दीड हातावर, दोन कोंब आले. अण्णांनी बोटांनी माती बाजूला केली. खाली जाडजूड कंद होता, दोन्ही फाट्यांच्या टोकांना एकेक कोंब.  मग मला बोलावून दाखवलं. जुना कंद दरवर्षी वाळून पोकळ होतो, नवा त्याच्या टोकापाशी तयार होतो, आणि असा वर्षावर्षाला तो पुढे सरकतो. तानीने साधी माहिती दिली होती.

पुढच्या मंगळवारी ते पाड्यावर जायला निघाले. म्हणाले, "तू चल बरोबर." गणेशपुरीपर्यंत एस.टी., पुढे चिखलातून चालत. तानी रोपं करायच्या वाफ्यात भात पेरत होती. तिच्या मुलीने, सोनीने, पाणी आणून दिलं. अण्णांनी तांब्या हातात तसाच धरला.

"कांदा मिळाला," ते म्हणाले. "तू नेला नव्हतास. चूक माझी झाली." आयुष्यात हे शब्द त्यांनी कधी कुणाला म्हटले असतील असं मला वाटत नाही.

तानीने हात धुतले नाहीत की पुढे आली नाही. "मना कशाला सांगतस?" ती म्हणाली. "मना ठावं हाय मी न्हाय नेला. आळीत सांग."

 दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कोट चढवला आणि सहा घरं घेतली. मी मागे होते. प्रत्येक दारात तेच वाक्य, तानीने काही नेलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला. लोक कसनुसे होऊन "असू दे हो, बसा" म्हणत. ते बसले नाहीत. माझं नाव त्यांनी एकाही दारात काढलं नाही.

सहावं घर आक्कांचं. त्या म्हणाल्या, "पण दत्तोपंत, तुमच्या सुनेने पाहिलं होतं ना?"

अण्णांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. नुसते थांबले. मला तेव्हा कळलं की त्यांना केव्हाच संशय आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो बोलून दाखवला नव्हता.

"मी काही पाहिलं नव्हतं, आक्का," मी म्हटलं. "अण्णांनी विचारलं म्हणून हो म्हणाले. खोटं बोलले."

घरी येताना मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. झाली नाही. त्यांनी कोट खुंटीला लावला आणि फडकं भिजवून पानं पुसायला गेले.

पंधरा दिवसांनी तानी आळीत आली. सहाही घरांनी तिला बोलावलं, सहाही घरांत ती गेली. आमच्या दारावरून जाताना मात्र पाऊल मंदावलंसुद्धा नाही. अण्णा परसाचं दार उघडून उभे होते. पुढे सत्त्याण्णवला जाईपर्यंत ते दर मंगळवारी आणि शनिवारी तसेच उभे राहत, ती कधीतरी वळेल म्हणून. मला ते ठाऊक होतं. आळीतले लोक मात्र म्हणत, म्हातारा अजून तिच्यावर पाळत ठेवून आहे. तानीलाही बहुधा तसंच वाटत असावं.